फळी कुठून येणार?

"या साहेब, या! काय दाखवू?" यंत्रांच्या दुकानातला विक्रेता म्हणाला, तो ड्रायव्हरसाहेबांना. खुर्ची पुढे सरकवली, तीही त्यांनाच. आरसेबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या पर्समध्ये मोजपट्टी होती, चार दिवस बसून काढलेली यादी होती, आणि खरेदीला आल्या होत्या त्याच. पण त्या जणू दुकानाच्या काचेचाच एक भाग असल्यासारखी त्या पोराची नजर त्यांच्या आरपार जात होती.

"मला काही नको बाबा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "करवत हिला हवीय."

ड्रायव्हरसाहेब म्हणजे आरसेबाईंचे यजमान. अडतीस वर्षं शहराची बस चालवली आणि एकदाही कुणाला घासली नाही, हे ते स्वतःच सांगतात, दिवसातून दोनदा सांगतात. पण घरात भिंतीवर खिळा ठोकायची वेळ आली की हा माणूस आधी अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून घेतो. लाकूड कुठल्या बाजूने कापतात हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही, आणि ते तसं कबूलही करतात. पुरुषांमध्ये हा गुण दुर्मीळ, म्हणून इथे नोंदवून ठेवला.

"विजेवरची हवी," आरसेबाई म्हणाल्या. "उभा काप आणि आडवा काप, दोन्ही एकाच मशीनवर व्हायला हवेत. दोन मशीन ठेवायला जागा नाही. खोली सात बाय नऊ आहे."

विक्रेत्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि ड्रायव्हरसाहेबांकडे वळून विचारलं, "मग साहेब, तुम्ही काय काय बनवणार आहात?"

आता सांगा, काय करावं अशा माणसाचं? आरसेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकसष्ट वर्षांच्या बाईला राग गिळायची सवय असते असं लोकांना वाटतं. असेल एखादीला. यांना नव्हती. पण घरून निघताना यजमानांनी "दुकानात भांडू नकोस गं" असं दोनदा बजावलं होतं, म्हणून त्यांनी पहिला घास गिळला.

"साहेब बसणार आहेत," त्या म्हणाल्या. "बनवणार मी आहे. दाखव मशीन."

त्याने दोन दाखवल्या. पहिली बुटकी. खाली आडव्या कापाची करवत, वरून खाली दाबायची, आणि तिच्याच डोक्यावर ताटाएवढं टेबल. त्या टेबलाच्या फटीतून तेच पातं वर डोकावत होतं, म्हणजे उभा काप वर आणि आडवा खाली. दुसरी जरा उंच, चार पायांची, मागच्या दोन पायांना चाकं. तिचं सगळं टेबलच उलटायचं. टेबल वर असलं की उभा काप, कळ दाबून उलटलं की पातं वर येऊन आडवा काप. दोन्हींच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जागा वाचवा.

"काकू, ही छोटी घ्या," विक्रेता म्हणाला. अखेर तो बाईंशी बोलला, पण काय बोलला ते ऐका. "घाबरू नका. शिलाई मशीनच समजा. कपड्याऐवजी लाकूड, एवढाच काय तो फरक!"

आणि मोठा तीर मारल्यासारखा हसला. मग त्याने बटण दाबून मशीन चालू केली. पात्यावरचं संरक्षक झाकण त्याने दोरीने वर बांधून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाला पातं नीट दिसावं म्हणून! म्हणजे बोट गेलं तर तेही नीट दिसावं.

आरसेबाईंनी डोळे मिटले आणि कान दिला. तीन सेकंद. मग म्हणाल्या, "बंद कर. पातं लंगडतंय."

"नवी आहे काकू, कालच खोक्यातून काढली."

"असेल. पातं धरणारा नट ढिला आहे. बंद कर, आणि आधी ती दोरी सोड."

त्याने ड्रायव्हरसाहेबांकडे पाहिलं. ड्रायव्हरसाहेब छताकडे पाहत होते. शेवटी त्याने वायर काढून नटाला पाना लावला, आणि नट चांगला अर्धा फेरा फिरला. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानंतर मात्र तो बाईंना काकू म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला लागला.

हे त्यांना कळलं कसं, ते सांगायला हवं. आरसेबाई एकतीस वर्षं एका फर्निचरच्या कारखान्यात होत्या. फिनिशिंग खात्यात. तिथे सगळ्या बायकाच. पॉलिशपेपर मारायचा, फटी भरायच्या, पुन्हा पेपर, मग पॉलिशचे हात, एकावर एक, सात-सात, आठ-आठ. यांनी हात फिरवलेल्या टेबलात स्वतःचा चेहरा बघून केस विंचरता यायचे, म्हणून कुणीतरी आरसेबाई म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. पगारपत्रकावरचं नाव आता त्यांच्या बहिणीलासुद्धा चटकन आठवत नाही.

फिनिशिंगच्या पलीकडे करवतखातं होतं. मध्ये भिंत, कारण भुसा उडून ओल्या पॉलिशवर बसला की काम मातीत. भिंत हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण भिंतीला दार होतं, आणि त्या दारातून बायकांनी जायचं नाही, हे कुठेही न लिहिलेलं आणि सगळ्यांनी पाळलेलं. भिंतीतल्या झडपेतून कापलेले तुकडे ट्रॉलीवर यायचे. टेबलाचे पाय, फळ्या, पट्ट्या, सगळं मापात कापून. बायका ते घासायच्या, चमकवायच्या आणि पुढे पाठवायच्या. पलीकडच्या करवतींचा आवाज मात्र भिंत थोपवत नव्हती. एकतीस वर्षांत आरसेबाईंचा कान असा तयार झाला, की कुठलं पातं बोथट झालंय, कुठलं लाकूड ओलं आहे, पलीकडे कोण घाई करतोय, हे त्या इकडे बसून सांगायच्या.

करवतखात्यात बदली द्या, असा अर्ज त्यांनी तीनदा केला होता. पहिल्यांदा वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शेवटचा अठ्ठेचाळिसाव्या. तिन्ही वेळा कारखान्यातल्या साहेबांनी एकच सांगितलं, "वरून नकार आहे." वर म्हणजे कुठे, हे कुणी सांगितलं नाही. आणि हजारो टेबलं त्यांच्या हातांखालून गेली, पण त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. दुसऱ्याने कापलेलं, दुसऱ्याने जोडलेलं, आपण फक्त शेवटी तोंड पुसून द्यायचं! निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं, एक टेबल करायचं. फळीपासून पॉलिशपर्यंत आपल्या हातचं. ते झाल्याशिवाय मरायचं नाही.

म्हणून मागची खोली रिकामी केली होती, म्हणून दुकानात आल्या होत्या. पण त्या दिवशी मशीन घेतली नाही. दोन्ही मशीनची लांबी-रुंदी मात्र मोजून घेतली. "खोलीत आखून बघते, मग सांगते," म्हणाल्या.

घरी येऊन त्या कामाला लागल्या. खडूने जमिनीवर चौकोन आखला, तो मशीनचा. भिंतीपासून हातभर सोडून दुसरा चौकोन, तो तयार टेबलाचा, तीन बाय दोन फूट. कोपऱ्यात पॉलिशच्या बाटल्यांचं फडताळ. खिडकीखाली पेपर मारायला बैठक. सगळं कसं चपखल बसलं. मध्ये फिरायला दीड फूट वाटसुद्धा उरली.

"छान," ड्रायव्हरसाहेब दारातून म्हणाले. "पण जाणकाराला एकदा दाखवून घे. तुझ्या त्या मास्तरांना बोलव की. इथे चौथ्या गल्लीतच तर राहतात."

मास्तर म्हणजे कारखान्यातले करवतमास्तर. चाळीस वर्षं पलीकडच्या खात्याचे राजे. दहाची दहा बोटं शाबूत घेऊन निवृत्त झालेला असा दुसरा करवतवाला नव्हता, आणि त्याचा त्यांना तोरा होता. आरसेबाईंना हा सल्ला फारसा रुचला नाही, पण खोटा ताठा धरण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना चहाला बोलावलं.

मास्तर आले. चहा घेतला, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि खडूच्या रेघांवरून नजर फिरवली. मग विचारलं, "बाई, फळी कुठून येणार?"

"म्हणजे?"

"मशीन इथे. बरोबर. फळी आठ फुटांची. ती पात्यात शिरायच्या आधी अलीकडे आठ फूट हवेत आणि कापून झाल्यावर पलीकडे आठ फूट. सोळा फूट झाले. तुमची खोली नऊ फुटांची. फळी तिकडच्या भिंतीला टेकेल आणि काप अर्धाच राहील."

आरसेबाईंनी जमिनीकडे पाहिलं. मशीनची जागा होती. टेबलाची होती. बाटल्यांची होती, पेपरांची होती, त्यांच्या स्वतःच्या पायांची होती. आख्ख्या फळीची कुठेही नव्हती. ती त्यांच्या डोक्यातच आली नव्हती.

"अर्धी कापून आणली तर?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांनाच कळलं होतं.

"चार फुटांची केलीत तरी आठ लागणार, वर मशीन. आणि चारची करायला कुणीतरी आठची कापायला हवीच की." मास्तर हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. "ही चूक कुठलाही करवतवाला करणार नाही. कालच लागलेलं पोरसुद्धा आधी फळीची वाट मोजतं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकतीस वर्षं लाकडात काढली, लाकडाचा वास अंगातून जात नाही, आणि आख्खी फळी कापताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती! पाहणार कुठून? भिंतीतल्या झडपेतून यायचे ते तुकडे. फळ्या पलीकडच्या फाटकातून उतरायच्या, पलीकडेच कापल्या जायच्या. त्यांच्यासाठी लाकूड जन्माला यायचं तेच तीन बाय दोनच्या मापाने.

"करवतखात्यात घेतलं असतं तर मलाही ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. "तीन अर्ज केले होते मी."

"माहीत आहे की," मास्तर म्हणाले. "तिन्ही वेळा साहेब मलाच विचारायला आले होते."

कपबश्या उचलायला वाकलेले ड्रायव्हरसाहेब तसेच वाकून राहिले.

"तुम्हाला?" आरसेबाई म्हणाल्या.

"खातं माझं. मग मलाच विचारणार."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

मास्तरांना अजूनही काही कळलं नव्हतं. ते उलट खुलले. "कौतुकच केलं तुमचं! म्हटलं, साहेब, या बाईसारखा पॉलिशचा हात आख्ख्या गावात नाही. तिला इकडे आणलीत तर तिकडचं कोण बघणार? चांगलं माणूस जागेवरून हलवू नये. साहेबांना पटलं. तिन्ही वेळा पटलं."

आता हे पचवायचं कसं, सांगा. कुणी म्हणालं असतं बाईला जमणार नाही, तर भांडता आलं असतं. जमवून दाखवता आलं असतं. वाईट काम केलं म्हणून नकार मिळाला असता तर काम सुधारलं असतं. पण हिचं काम फार चांगलं आहे, सबब हिला जन्मभर तेच करू द्या? म्हणजे एखादा हात कमी मारला असता, चार टेबलं डागाळून ठेवली असती, तर दार उघडलं असतं! आणि हे सांगतोय कोण? चहा पिऊन, मिश्या पुसत, आपण उपकार केले अशा थाटात!

"मास्तर," आरसेबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ड्रायव्हरसाहेबांना मात्र तो आवाज ओळखीचा होता, त्यांनी कपबश्या पुन्हा खाली ठेवल्या. "माझं कौतुक तुम्ही साहेबांपाशी केलंत, मला कधी सांगितलंत?"

"तशी वेळ आली नाही..."

"एकतीस वर्षांत वेळ आली नाही? रोज जेवणाच्या सुट्टीत एकाच नळावर हात धुवायचो आपण. मी तुम्हाला विचारलं होतं, मास्तर, वरून नकार आहे म्हणतात, वर म्हणजे कोण हो? तुम्ही म्हणालात, मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतं. म्हणाला होतात की नाही?"

मास्तर रिकामी कपबशी हातात फिरवायला लागले.

"मोठे लोक तुम्हीच होतात! मी चौदा वर्षं मालकाला शिव्या घातल्या. तो बिचारा मेला, तरी त्याच्या मागे घालत राहिले. आणि नकार देणारा माणूस माझ्या शेजारी उभा राहून साबण मागत होता!"

"बाई, तुमच्या हाताला काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची? तोही विचार होता."

"हात माझा. जबाबदारी माझी. विचार मात्र तुमचा!"

मास्तर उठले. त्यांचा चेहरा पडला होता, पण माणूस हट्टी. दारापाशी जाऊन म्हणाले, "हे बघा, झालं ते झालं. मशीनच्या नादाला लागू नका. जागा नाही, हे तर दिसतंच आहे. माझ्या शेडमध्ये जुनी करवत आहे. तुम्ही माप द्या, मी कापून देतो. तुम्ही इथे निवांत पॉलिश करा."

म्हणजे पुन्हा तेच! पुन्हा हा पलीकडे आणि ही अलीकडे, फक्त आता भिंत चार गल्ल्यांएवढी जाड. आरसेबाईंचा संताप अनावर झाला. त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. मास्तर गेले.

त्यानंतर त्या खोलीत जमिनीवर बसल्या आणि रडल्या. दुःखाने नव्हे. राग मावेनासा झाला की काही लोक भांडी आपटतात, काही रडतात. ड्रायव्हरसाहेब शेजारी येऊन बसले.

"तो म्हणतो ते अगदीच..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो, आता तुम्ही अगदीच काही म्हणू नका."

"नाही म्हणत." त्यांनी जमिनीवरची खडूची एक रेघ बोटाने पुसली. "मी आपलं बसचं सांगतो. डेपोत नव्या पोरांना मी एकच सांगायचो. बस उभी राहते तेवढी जागा मोजू नका. ती वळते किती, ते मोजा. आमच्या डेपोत बस मावायचीच नाही. मग आम्ही काय करायचो? मागचं फाटक उघडं ठेवायचो. शेपूट रस्त्यावर."

आरसेबाईंनी डोळे पुसले. मग मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

खिडकी मागच्या अंगणात उघडत होती. अंगण त्यांचंच. दोन झडपा, गज नाहीत. त्या ताडकन उठल्या, दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि दाराकडे पाहिलं. दार समोरच्या भिंतीत होतं, पण कोपऱ्यात, खिडकीच्या रेषेत नाही. मग त्यांनी सुतळी आणली. एक टोक यजमानांच्या हातात देऊन त्यांना दाराबाहेरच्या बोळात उभं केलं, दुसरं टोक घेऊन स्वतः अंगणात गेल्या. सुतळी दारातून शिरून खोलीत तिरकी जाऊन खिडकीतून बाहेर आली. कुठेही अडली नाही. फळीची वाट सापडली होती!

"मशीन खिडकीला लागून, पण तिरकी," त्या बाहेरून ओरडल्या. "मी उंबरठ्यापाशी उभी राहून सुरुवात करणार. कापलेली फळी अंगणात!"

"शेपूट रस्त्यावर," ड्रायव्हरसाहेब बोळातून म्हणाले. त्यांना स्वतःचाच फार अभिमान वाटत होता.

पण एक अडचण होती, आणि ती या खेपेला आरसेबाईंनीच पकडली. फळी टेबलावरून खिडकीत जाणार, तर टेबल खिडकीच्या कट्ट्यापेक्षा उंच हवं. कट्टा तेहतीस इंचांवर. त्यांनी झाडूच्या दांड्यावर तेहतीसची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी तो दांडा घेऊन दुकानात गेल्या. एकट्या. साहेबांसाठी खुर्ची पुढे करायची संधी त्यांनी त्या पोराला दिलीच नाही.

"मॅडम, मशीनची उंची कुणीच विचारत नाही," विक्रेता म्हणाला.

"म्हणून मी विचारतेय."

ताटाएवढ्या टेबलाची बुटकी मशीन स्टँडवर चढवूनही तीस इंच भरली. तीन इंच कमी. फळी थेट भिंतीवर आदळली असती. शिवाय आठ फुटांची फळी त्या ताटावर तोलायची तर बाईंना तिसरा हात लागला असता. उलटणाऱ्या मशीनचं टेबल पस्तीस इंचांवर. दांडा शेजारी उभा केला, तर खूण दोन इंच खाली राहिली. त्यांनी टेबल उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं करून कळ नीट बसते का तपासलं, मागचं पोलादी पान पात्याच्या रेषेत आहे का ते बोटाने चाचपलं. कापलेलं लाकूड पात्याला चिमटे काढू नये म्हणून ते पान असतं, एवढं त्यांना यादी करता करता कळलं होतं. मग मशीन चालू करायला सांगून डोळे मिटले.

"ही बरी बोलते," त्या म्हणाल्या. "हीच दे. आणि ऐक, झाकणाला दोरी बांधायची नाही. पुन्हा आले आणि दोरी दिसली तर तुझ्या मालकाला भेटेन."

मशीन चार दिवसांनी आली. दोघा हमालांनी ती खोलीत ठेवली, आरसेबाईंनी चाकांवरून तिरकी ढकलून सुतळीच्या रेषेत आणली. आठ फुटांची फळी आदल्या दिवशीच आणून बोळात उभी केली होती. त्या तिच्याकडे येता-जाता पाहत होत्या. आख्खी फळी. दोन्ही टोकं खडबडीत, एक कड वाकडी, गाठी जशाच्या तशा. त्यावर त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती.

आणि त्याच सकाळी मास्तर अंगणाच्या फाटकात येऊन उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. हमालांकडून कळलं असावं, चौथी गल्ली काही लांब नाही. त्यांच्या हातात एक काठी होती, पुढे खाच असलेली, पात्याने जागोजागी कुरतडलेली. शेवटचा टप्पा हाताने न ढकलता हिने ढकलायचा. त्यांची दहा बोटं जिच्यामुळे शाबूत राहिली, ती हीच.

"ही घ्या," ते खिडकीतून म्हणाले. मग त्यांनी खोलीत पाहिलं. तिरकी मशीन, उघडं दार, बोळ. कट्ट्यावर हात ठेवून त्यांनी टेबलाची उंची नजरेने जोखली. "हं," एवढंच म्हणाले. चाळीस वर्षांत करवतखात्यातल्या कुणाला त्यांच्याकडून एवढीही शाबासकी मिळाली नसेल.

आरसेबाईंनी काठी घेतली. आभार मानले नाहीत.

"पहिला काप मी घेऊन दाखवतो," मास्तर म्हणाले आणि दाराकडे वळायला लागले. "एकदा बघून घ्या, मग तुम्ही..."

"आत यायचं नाही."

मास्तर थांबले.

"काय करायचं ते तिथूनच सांगा," आरसेबाई म्हणाल्या. "ऐकायचं कामही मी चांगलं करते, तेही तुम्ही साहेबांना सांगितलं असेलच."

ड्रायव्हरसाहेब बोळात फळी धरून उभे होते. त्यांनी हसू दाबलं. मास्तरांनी खाली मान घातली आणि मग खरोखर सांगायला लागले, खिडकीबाहेर उभे राहून. फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, पातं लाकूड उलटं फेकतं, म्हणून डाव्या बाजूला. नजर पात्यावर नाही, फळी सरळ ठेवणाऱ्या पट्टीला टेकलेल्या कडेवर. ढकलताना थांबायचं नाही, घाईही नाही. आवाज जड झाला तर हात हलका. शेवटचं पट्टीच्या बाजूने, काठीने.

"आणि बाई, पलीकडे धरायला माणूस लागतो. कापलेलं टोक खाली झुकलं तर फळी पात्यात पिळवटते. ड्रायव्हरसाहेबांना इकडे पाठवा."

"साहेब अलीकडे धरणार आहेत," आरसेबाई म्हणाल्या. "तिकडे तुम्ही आहात की."

मास्तर झाल्यापासून त्यांनी दुसऱ्याच्या कापाची फळी धरली नव्हती. ते काम त्यांच्या खात्यात सगळ्यात नव्या माणसाचं असायचं. ते खिडकीसमोर नीट उभे राहिले, दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी बटण दाबलं. पातं फिरायला लागलं. हा आवाज त्यांनी एकतीस वर्षं ऐकला होता, पण पायाखालून तो असा अंगात चढतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फळी पुढे नेली. लाकडाला पातं लागलं, भुसा उडाला, थेट त्यांच्या हातांवर, केसांवर, आणि रेघ दुभंगत गेली. मध्ये एका गाठीपाशी आवाज जड झाला, तेव्हा मास्तर काही म्हणायच्या आत त्यांनी हात हलका केला. उंबरठ्यापासून मशीनपर्यंत त्या फळीबरोबर चालत आल्या. शेवटची वीतभर काठीने. दोन तुकडे खिडकीतून बाहेर गेले आणि मास्तरांच्या हातांत पडले.

मशीन बंद झाली. मास्तरांनी कापावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा फिरवला.

"चुकलो मी," ते म्हणाले. "पहिल्याच अर्जाला घ्यायला हवं होतं तुम्हाला."

आरसेबाईंनी केसांतला भुसा झटकला नाही. नवऱ्याला खूण केली, तसा त्यांनी त्यातला एक तुकडा पुढच्या कापासाठी खिडकीतून आत ओढून घेतला.

"बाई," मास्तर म्हणाले, "अजून राग आहे माझ्यावर?"

"आहे," आरसेबाई म्हणाल्या. "धरा फळी."